समुद्र नसलेले राज्य आणि मुरगाव बंदर

उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यातील जळकोट हे गाव सोलापूर-हैदराबाद हमरस्त्यावर, नळदुर्गापासून सुमारे ८ किलोमीटरांवर आहे. पश्चिम किनारा तेथून सुमारे ३०० किलोमीटर दूर. आरमारी तळांच्या इतिहासात अशा गावाचा उल्लेख कोणी अपेक्षिणार नाही. तथापि १३ सप्टेंबर १९४८ रोजी तेथे जे घडले त्याचा एक धागा झुआरी नदीच्या मुखाशी असलेल्या मुरगाव बंदरापर्यंत जाऊन पोचतो.

हैदराबाद संस्थानाचे क्षेत्रफळ ८२,००० चौरस मैलांहून अधिक आणि १९४१ च्या खानेसुमारीनुसार लोकसंख्या १ कोटी ६३ लक्ष होती. परंतु किनारा एक हातभरही नव्हता. तो मुळात नव्हता असे नाही. मच्छलीपट्टण १७५९ साली सलाबतजंगाने इंग्रजांस दिले, उत्तर सरकार प्रांत १७६६ च्या तहाने गेला आणि १७८८ मध्ये गुंटूरही कंपनीच्या स्वाधीन झाले. त्यानंतर समुद्रावाटे येणारी प्रत्येक वस्तू निजामास दुसऱ्याच्या दारातून आणावी लागे. इंग्रजी छत्राखाली या उणिवेची झळ फारशी लागली नाही. ते छत्र १९४७ मध्ये दूर होताच तिचे खरे स्वरूप उघड झाले.

मुरगाव हे पोर्तुगीजांचे, म्हणजे तटस्थ राष्ट्राचे बंदर. तेथून कॅसलरॉकपर्यंतचा लोहमार्ग १८८८ मध्ये पुरा झाला होता. तटस्थ बंदराचा दुसऱ्या राष्ट्रास काय उपयोग होऊ शकतो, याचे प्रत्यंतर दुसऱ्या महायुद्धात आले. ‘एरेनफेल्स’, ‘ब्राउनफेल्स’ व ‘ड्राखेनफेल्स’ ही तीन जर्मन व्यापारी जहाजे आणि ‘आन्फोरा’ हे इटालियन जहाज तेथे आश्रयास होते. ‘एरेनफेल्स’वरील गुप्त बिनतारी यंत्रातून दोस्तांच्या जहाजांच्या हालचाली जर्मन पाणबुड्यांस कळविल्या जातात, असा ब्रिटिशांचा समज झाला. नांगरलेले मालवाहू जहाज म्हणजे शत्रूचा कान, हा तो समज. त्याला आधार किती होता याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु कृती त्यावरूनच झाली. ९ मार्च १९४३ च्या रात्री कलकत्ता लाइट हॉर्स या हौशी पलटणीतील काही माणसे ‘फीबी’ नावाच्या गाळ काढणाऱ्या बोटीतून मुरगावात शिरली. जर्मनांनी आपले जहाज स्वतःच बुडविले आणि इतर तीन जहाजांचीही तीच गत झाली. पोर्तुगालची तटस्थता उघडच पायदळी तुडविली गेली. ही हकीकत पुढे पस्तीस वर्षे जाहीर झाली नाही.

निजाम सरकारला हवे होते ते नाविक तळ नव्हे, तर परक्या ध्वजाखालचे एक दार. १९४७-४८ मध्ये मुरगाव मिळविण्यासाठी पोर्तुगालकडे चाचपणी करण्यात आली, पण तीतून करार निष्पन्न झाला नाही. येथे एक गोष्ट सहसा दुर्लक्षिली जाते. करार झाला असता तरी काय साधले असते? कॅसलरॉक ते गदग हा लोहमार्ग मुंबई इलाख्याच्या मुलखातून जात असे आणि मगच कोप्पळकडे संस्थानाची हद्द लागे. बंदर हाती आले तरी त्याची वाट भारत सरकारच्या हाती राहिली असती. या योजनेची मुळातली दुर्बलता हीच होय.

उरली ती आकाशाची वाट. सिडनी कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक १९४८ च्या उन्हाळ्यापासून कराचीहून बीदर व वरंगळ येथे रात्री विमाने उतरवून शस्त्रे पोचवू लागला. हा मनुष्य सामान्य तस्कर नव्हता. १९३९ मध्ये ब्रिटिश गुप्तहेर खात्यासाठी विमानातून जर्मनीची छायाचित्रे घेणारा, विल्हेल्म्सहाफेन येथील आरमाराची नोंद टिपणारा तो हाच. एकेकाळी जो आरमार हेरीत होता तोच आता आरमार नसलेल्या राज्याची उणीव विमानाने भरून काढू पाहत होता! परंतु विमानातून बंदुका व काडतुसे येतात, रणगाड्यांचे पथक येत नाही.

याचा पडताळा नळदुर्गास आला. १३ सप्टेंबरला पहाटे मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या फौजा सोलापूरकडून हद्दीत शिरल्या. बोरी नदीवरील पूल उडविण्याचे काम एका ब्रिटिश भाडोत्री अधिकाऱ्याकडे होते. तो पकडला गेला आणि पूल शाबूत राहिला. शीख पलटणीने नळदुर्गातील मोर्चे घेतले. सकाळी ९ वाजता चिलखती पथक जळकोटात पोचले आणि त्यामागून येणाऱ्या तुकडीस पुढचा रस्ता मोकळा झाला. दुपारी सव्वातीनच्या सुमारास हे सैन्य उमरग्यास होते. हद्दीपासून ते अंतर सुमारे ६१ किलोमीटर भरते. रणगाड्यांस रणगाड्यांनी अडवील असे त्या वाटेवर काही नव्हते. १७ सप्टेंबरला युद्धविराम झाला आणि दुसऱ्या दिवशी जनरल एल इद्रूस यांनी शरणागती पत्करली.

मुरगाव मात्र आणखी तेरा वर्षे पोर्तुगीजांकडे राहिले. १८ डिसेंबर १९६१ रोजी ‘आफोन्सो द आल्बुकेर्क’ ही पोर्तुगीज युद्धनौका त्याच बंदराच्या परिसरात भारतीय नौदलाशी लढताना निकामी झाली, आणि दुसऱ्या दिवशी बंदर भारताच्या हाती आले.