चिठ्ठीवरील दोन ओळी : रानपिंगळ्याच्या शोधाचा इतिहास



बऱ्हाणपूरचा इतिहास म्हटला की फारुकी सुलतान, मोगल सुभेदार आणि कुंडी भंडारा आठवतो. आज मात्र तापीखोऱ्याच्या इतिहासातील एका निराळ्या प्रकरणाकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. त्याच्या केंद्रस्थानी कोणी राजा नाही. रानात नमुने गोळा करून त्यांवर चिठ्ठी बांधण्याचे साधे काम आहे.

पक्ष्याचे कातडे सोलावे, आत कापूस भरून टाके घालावेत, पायाला चिठ्ठी बांधावी आणि तीवर स्थळ, दिनांक व संग्राहकाचे नाव लिहावे, एवढेच ते काम. रानपिंगळा हे लहानसे घुबड 1872 साली प्रथम अभ्यासकांच्या हाती आले. 1873 साली ह्यूम यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने खानदेशातून काही नमुने मिळविले. 1884 नंतर मात्र या पक्ष्याचा खात्रीचा पुरावा मिळेना.

अपवाद एकच होता. रिचर्ड माइनर्टझहागेन या लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहातील एका नमुन्यावर 1914 साल आणि गुजरातेतील तापीकाठचे मांडवी हे स्थळ लिहिलेले होते. पामेला रासमुसेन व नायजेल कॉलर यांनी त्याची कसून तपासणी केली. क्ष-किरणांत आतील मूळ बांधणी दिसली आणि ती डेव्हिडसनच्या हातची निघाली. संग्रहालयातून चोरलेला नमुना नव्याने भरून त्यावर खोटी चिठ्ठी बांधण्यात आली होती.

रासमुसेन यांनी मांडवी बाजूस सारली व खऱ्या चिठ्ठ्यांवरील स्थळे प्रमाण मानली. नोव्हेंबर 1997 मध्ये, 113 वर्षांनंतर, शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत दिसला. पुढे तो मेळघाटात आणि बऱ्हाणपूर ज्यात 2003 पर्यंत समाविष्ट होते त्या खंडवा जिल्ह्यातही आढळला.

ज्याचा ठावठिकाणाच चुकीचा नोंदला गेला, त्या पक्ष्याचे रक्षण कोठे करावयाचे? सातपुड्यातील सागवानी रान विरळ होत असताना हा प्रश्न केवळ विद्वत्तेचा उरत नाही. मोठे सिद्धान्त मांडणाऱ्यांची नावे ग्रंथांत येतात. पण त्यांचा आधार असतो मोजमाप घेणाऱ्या, नमुना जपणाऱ्या साहाय्यकाची नोंद. या शाळेतून उद्या असे साहाय्यकही घडतील. त्यांनी जे पाहिले तेच, जेथे पाहिले तेथलेच लिहावे, एवढी त्यांना विनंती.