नदीपार स्थलनामे

नदी ओलांडण्याच्या जागेवरून, म्हणजे उतार, घाट, पूल किंवा संगम यांवरून, पडलेली गावांची नावे. रोमन साम्राज्यात अशी नावे बहुधा सैन्याच्या सोयीने पडली. ऱ्हाइनच्या एका शाखेवरील तळ ‘ट्राजेक्टम’, म्हणजे पार जाण्याची जागा. तेच आजचे उट्रेख्त. मास नदीवरील मास्ट्रिख्तच्या नावातही हाच शब्द आहे. ऱ्हाइन व मोझेल मिळतात तेथील ‘कॉन्फ्लुएन्टेस’चे कोब्लेन्झ झाले. टाइन नदीवरील पुलाला मात्र सम्राट हेड्रियनचे कुलनाम मिळाले: पॉन्स ईलियस, आजचे न्यूकॅसल.

महाराष्ट्रात या जातीच्या नावांत संगमाचा मान मोठा: संगमनेर, प्रवरासंगम, कृष्णा-वेण्णेकाठची संगम माहुली. वणा नदीवरचे हिंगणघाट घाटाचे. ‘उतार’, ‘पायउतार’ हे शब्द बोलण्यात असूनही गावांच्या नावांत फारसे आढळत नाहीत. दख्खनच्या नद्या उन्हाळ्यात कोठेही पायी ओलांडता येत. मग एखाद्या उताराचे कौतुक कोण करणार? पावसाळ्यात नाव किंवा भोपळ्यांची सांगड. शिवाय ‘तीर्थ’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थच पार उतरण्याची जागा. ती जागा पवित्र ठरल्यावर नाव देवाचे पडले.

इंदापूर तालुक्यात हे स्पष्ट दिसते. उत्तरेला व पूर्वेला भीमा, दक्षिणेला नीरा. दोन्ही मिळतात तेथे नीरा नरसिंहपूर, म्हणजे नदी आणि दैवत एकाच नावात. पलीकडे माळशिरस तालुक्यातील गावाचे नाव नुसतेच संगम. कोब्लेन्झशी सख्खे नाते सांगावे तर या गावानेच. बारामती–इंदापूर रस्त्यावरचे, पानमळ्यांसाठी प्रसिद्ध निमगाव केतकी दोन्ही नद्यांपासून आत, म्हणून त्याच्या नावात झाड आहे, पाणी नाही. येथून तुकोबांची पालखी इंदापूरमार्गे सराटीला जाते. तेथे पादुकांना नीरास्नान घडते आणि मग नीरा ओलांडून अकलूज. वारीतला एवढा महत्त्वाचा पार, पण गावाच्या नावात त्याची खूण नाही.

भीमेचे जुने उतार १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या जलाशयात गेले. पाणी फार ओसरले की पळसदेवचे जुने मंदिर उघडे पडते. इंदापूर तालुक्यातील कळाशी व करमाळा तालुक्यातील कुगाव यांच्यात लोक बोटीने ये-जा करू लागले. मे २०२४ मध्ये वादळात बोट उलटून याच मार्गावर सहा जणांचा मृत्यू झाला.