तक्तपोशीचा शिकंजा
लाकडी जमिनीच्या फळ्या ठोकण्यापूर्वी त्या एकमेकींशी घट्ट भिडवण्याचे सुतारकामातील हातहत्यार. इंग्लंड-अमेरिकेत त्याला ‘फ्लोअरिंग क्रॅम्प’ किंवा ‘फ्लोअरिंग जॅक’ म्हणतात.

रचना व कार्य : जुन्या धाटणीचा शिकंजा लोखंडी असून तो उघड्या कडीवर (फळ्यांना आधार देणाऱ्या आडव्या लाकडावर) स्वार होतो. स्क्रूचा दांडा फिरवला की दोन्ही बाजूंचे दातेरी जबडे कडीला पकडतात आणि पुढचा दट्ट्या फळीच्या कडेवर दाब देतो. दुसऱ्या प्रकारात लांब दांड्याची तरफ असते. ती ओढून अडकवली की दाब टिकून राहतो व खिळे मारायला दोन्ही हात मोकळे राहतात. बाकदार फळीही अशा दाबाने सरळ बसवता येते.

वापर : साधारणतः चार ते सहा फळ्या सैल मांडून त्या एकदम आवळतात. लांब फळ्यांसाठी दोन किंवा अधिक शिकंजे वेगवेगळ्या कड्यांवर लावतात. जीभ-खाच सांध्याची जीभ चेपू नये म्हणून मध्ये टाकाऊ लाकडाचा तुकडा ठेवतात. शिकंजा नसल्यास कडीवर ठोकलेला आकडा व समोरासमोरच्या दोन पाचरी हेच काम करतात.

मर्यादा : ओल्या फळ्या कितीही आवळल्या तरी वाळताना आक्रसून फटी पडतात. दमट हवेत लाकूड फुगते; म्हणून भिंतीलगत मोकळी जागा सोडावी लागते. भिंतीजवळच्या शेवटच्या ओळींना शिकंज्यासाठी जागा उरत नाही. तिथे पहार वा पाचर वापरतात.