मोरपंखीची कुळकथा

फाळणीनंतर सिंधी निर्वासित कुटुंबं उत्तर नागपुरात जरीपटक्याला वसली. आता तिथे घराला घर लागलं आहे. फाटक आणि पायरी यांच्यामध्ये उरेल तेवढंच अंगण. तेवढ्यात पाइन लावायची हौस असली, तर मला मोरपंखी सुचते. ती पाइनची सख्खी नव्हे, पण त्या जागेला शोभते आणि टिकते.

हिमालयातला चीड हा खरा पाइन. तीन-तीन सुयांचे झुपके, उंची तीस मीटरच्या वर. अंगणाला तो झेपणार नाही. मोरपंखी सायप्रसच्या कुळातली. तिचं माहेर उत्तर चीन, कोरिया आणि रशियाचा अतिपूर्व भाग, तेही कोरडे, खडकाळ उतार. चीनमध्ये मंदिरांच्या आणि समाध्यांच्या आवारात तिला मान आहे. शेन्सी प्रांतात पीतसम्राटाच्या समाधीपाशी एक जुनाट झाड आहे. ते त्यानेच लावलं, अशी तिथली श्रद्धा.

१७५३ मध्ये लिनियसने तिला ‘थुजा ओरिएंटॅलिस’ म्हटलं. पुढे ती थुजांतून वेगळी काढली गेली आणि १९४९ मध्ये ‘प्लॅटिक्लॅडस ओरिएंटॅलिस’ हे आजचं नाव ठरलं. एक डहाळी हातात घेतली की तिचं वेगळेपण दिसतं. खवल्यांसारखी बारीक पानं एकमेकांवर बसलेली, पंखा उभा, दोन्ही अंगांनी सारखाच हिरवा. कोवळं फळ निळसर, साय धरल्यासारखं, टोकांना वळलेल्या आकड्या. हीच डहाळी आपल्याकडची मुलं ‘विद्या’ म्हणून वहीत जपतात.

मूळ झाड वीस मीटरपर्यंत वाढतं. गोल, ठेंगणे प्रकार माळ्यांनी निवडून जपले. बियांपासून तोच आकार येईल याचा भरवसा नसतो, म्हणून छाट कलमाचं रोप घ्यावं.

खडकाळ उतारावरचं हे झाड नागपूरचं पंचेचाळीस अंशांचं ऊन सोसतं, पण काळ्या मातीत साचलेलं पावसाचं पाणी त्याला सोसत नाही, मुळं कुजतात. खड्ड्यातल्या मातीत मुरूम आणि जाड वाळू मिसळावी, रोप जमिनीपासून चार बोटं उंच बसवावं. उन्हाळ्यात लाल कोळी लागतो, तेव्हा सकाळी पाण्याच्या फवाऱ्याने झाड धुवावं. छाटणी फक्त हिरव्या शेंड्यांची करावी. जुन्या तपकिरी फांदीला सहसा फुटवा येत नाही. पाण्याचा निचरा आणि कात्रीचा संयम, एवढं सांभाळलं तर ही परदेशी पाहुणी त्या चिंचोळ्या अंगणात पिढीभर नांदते.