भीम स्वयंपाकघरात झोपला होता

व्हिलन हिरॉइनला उचलून नेतो आणि शेवटच्या पंधरा मिनिटांत हिरो गोडाऊनचं शटर फोडून आत येतो. हे आपण इतक्यांदा पाहिलंय, की तेवढ्या वेळात आपण व्हॉट्सॲप चेक करतो. पण हाच प्रसंग मराठी रंगभूमीवर एकदा इंग्रज सरकारला इतका झोंबला, की त्यांनी नाटकावरच बंदी घातली.

ते नाटक म्हणजे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं ‘कीचकवध’, १९०७ सालचं. खाडिलकर ‘केसरी’तले, टिळकांचे सहकारी. मी ते नेरूळहून हार्बर लाइनने जाता-येता फोनवर वाचलं. गोष्ट शाळेपासून माहीत होती, त्यामुळे नवीन काही मिळेल असं वाटलं नव्हतं. मग मूळ महाभारतातलं विराटपर्वही काढून वाचलं आणि लक्षात आलं, की गोष्ट मला धड माहीतच नव्हती.

आधी परिस्थिती समजून घ्या. बारा वर्षांचा वनवास संपलाय, तेराव्या वर्षाचा अज्ञातवास सुरू आहे. या वर्षात ओळखले गेले, तर पुन्हा बारा वर्षं वनवास. म्हणून युधिष्ठिर कंक नावाने राजाशी सोंगट्या खेळतोय, भीम बल्लव नावाचा आचारी झालाय, अर्जुन बृहन्नडा बनून नाच शिकवतोय. द्रौपदी सैरंध्री म्हणून राणी सुदेष्णेची दासी आहे. राणीचा भाऊ आणि राज्याचा सेनापती कीचक तिच्या मागे लागतो. पाच नवरे, पाचही जगप्रसिद्ध योद्धे, आणि सगळे स्वतःच मान्य केलेल्या अटीत अडकलेले. नोटीस पीरियडमध्ये तोंड उघडायचं नाही, तसं काहीसं.

कीचक भर दरबारात तिला लाथ मारतो. भीम बाहेरच्या झाडाकडे बघतो. ते उपटून घालायचा त्याचा विचार युधिष्ठिराच्या लक्षात येतो आणि तो म्हणतो, आचारीबुवा, सरपण हवं असेल तर बाहेर जाऊन शोधा. द्रौपदीला सांगतो, नटीसारखी रडू नकोस, खेळात व्यत्यय येतोय, आत जा.

हे वाचताना मी पुस्तक बंद केलं होतं. काही वर्षांपूर्वी टीममधल्या एका मुलीने मला एका सीनियरबद्दल सांगितलं होतं. रात्री अकराला येणारे मेसेज, कॅबमध्ये शेजारी येऊन बसणं. मी तिला म्हणालो होतो, अप्रेझल होऊन जाऊ दे, मग बघू. तेव्हा मला ते फार समजूतदारपणाचं वाटलं होतं.

१९०७ च्या प्रेक्षकाला हा प्रसंग कसा दिसला असेल? बंगालची फाळणी होऊन दोन वर्षंही झाली नव्हती. कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, द्रौपदी म्हणजे हिंदुस्थान, थांबा-थांबा म्हणणारा युधिष्ठिर म्हणजे मवाळ आणि मुठी वळणारा भीम म्हणजे जहाल. स्टेजवर कर्झनचं नाव घ्यायची गरजच नव्हती. त्याच वर्षी डिसेंबरात सुरतेला काँग्रेस खरोखरच मवाळ-जहाल अशी फुटली.

मग १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरेने कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. जॅक्सन तिथे ‘शारदा’ बघायला आला होता. म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या मुलीची गोष्ट, म्हणजे तीही सुटकेचीच. त्यानंतर लवकरच, १९१० मध्ये, ‘कीचकवध’वर बंदी आली. हत्यार होतं १८७६ चा नाट्यप्रयोगांवरचा कायदा. लंडनच्या ‘टाइम्स’चा व्हॅलेंटाइन चिरोल याने त्याच वर्षी आपल्या पुस्तकात या नाटकावर लिहिलं. प्रेक्षकांतले ताणलेले चेहरे, रडणाऱ्या बायका, सगळं त्यात आहे. याच पुस्तकावरून पुढे टिळकांनी त्याच्यावर लंडनमध्ये खटला भरला आणि ते हरले.

चिरोलला कोण कोणाचं प्रतीक आहे ते बरोबर कळलं होतं. पण त्याची नजर भीमावर. सरकारचीही भीमावरच. आणि माझ्या मते आपणही आजवर भीमालाच बघत आलोय.

महाभारतात त्या रात्री भीम स्वयंपाकघरात झोपलेला आहे. द्रौपदी उठते, अंधारात तिथे जाते, त्याला हलवून जागं करते. पाचांपैकी कोणाकडे जायचं हे तिने ठरवलेलं असतं. कीचकाला रात्री नृत्यशाळेत बोलवायचा बेत दोघांचा, पण त्याला गोड बोलून तिथे आणायचं काम तिचं. खाडिलकरांनी ही जागा बदलून भैरवाचं देऊळ केलं.

याही आधी, द्यूतसभेत पाचही पांडव दास झालेले असताना, त्यांना सोडवलं कोणी? द्रौपदीनेच, धृतराष्ट्राकडून वर मागून. बुडणाऱ्या पांडवांना ही नाव होऊन आली, असं खुद्द कर्ण म्हणतो, आणि तो काही तिचा चाहता नव्हता.

माझ्या टीममधली ती मुलगी अप्रेझलपर्यंत थांबली नाही. तिने स्वतःच लेखी तक्रार केली, साक्षीदार म्हणून दोन नावं दिली. त्यातलं एक माझं होतं. मला न विचारता. मी गेलो, बोललो, पण ‘गेलो’ म्हणण्यापेक्षा मला नेलं गेलं, हेच खरं.

कीचक मेल्यानंतरचा भाग शाळेत शिकवत नाहीत. त्याचे भाऊ, उपकीचक, सैरंध्रीला बांधून प्रेतासोबत जाळायला स्मशानात नेतात. आता ती ओरडणार तरी काय? भीम म्हटलं तर बारा वर्षं गेली. पण पांडवांनी अज्ञातवासात शिरण्यापूर्वी आपसांत गुप्त नावं ठरवून ठेवली होती. ती बांधलेल्या अवस्थेत तीच नावं पुकारते: जय, जयंत, विजय, जयत्सेन, जयद्बल. सगळ्या नगराने ऐकलं, कळलं फक्त भीमाला. तो तट ओलांडून धावला.

दुसऱ्या दिवशी घाबरलेल्या राजाने राणीकरवी निरोप दिला, की सैरंध्रीने आता इथून जावं. ती म्हणाली, अजून तेरा दिवस राहू द्या.