शेरघाटीचा दगड : मंगळाचा पत्ता 118 वर्षांनी

जुलै 2025 मध्ये न्यूयॉर्कला सदबीजच्या लिलावात एक दगड विकला गेला. वजन 24.67 किलो, किंमत शुल्कासकट सुमारे 53 लाख डॉलर. नायजरच्या वाळवंटात सापडलेला, मंगळावरून आलेला दगड. रील्स तुम्ही पाहिल्या असतीलच. पण त्याच्या माहितीपत्रकात प्रकार काय लिहिला होता, माहितीये? शेरगॉटाइट. आणि हे नाव आलंय थेट आपल्या बिहारमधून.

25 ऑगस्ट 1865. गया जिल्ह्यातलं शेरघाटी, इंग्रजांच्या कागदावर 'शेरगॉटी'. दिवसाढवळ्या मोठा आवाज झाला आणि आकाशातून साधारण पाच किलोचा दगड पडला. असा दगड म्हणजे अशनी. तेव्हा जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया पडलेले अशनी कलकत्त्यात गोळा करत होतं. म्हणून हा दगडही तिथे पोचला, नाहीतर कुठल्यातरी देवळात शेंदूर फासून बसला असता. (तसे बसलेले काही असतीलही!)

आता थोडं वर्गीकरण, कंटाळू नका. पडताना दिसलेल्या अशनींपैकी बहुतेक दगडी असतात, आणि त्यातले बहुतेक कॉन्ड्राइट. म्हणजे पोटात मोहरीसारखे बारीक गोल दाणे असलेले. हे नाव 1860च्या दशकात बर्लिनच्या गुस्ताव रोझनं दिलं. हे दाणे म्हणजे सूर्यमाला घडत असतानाचा माल, पुन्हा कधी पुरता न वितळलेला. दुसरी जात अकॉन्ड्राइट : दाणे नाहीत, कारण तो दगड एखाद्या मोठ्या गोळ्यात वितळून, लाव्ह्यासारखा थिजून तयार झालेला. पडताना दिसलेल्या शंभर अशनींत असे जेमतेम सात-आठ. शेरघाटीचा दगड त्यातला.

त्याचा तुकडा व्हिएन्नाला गुस्ताव चेर्माककडे गेला. 1872 मध्ये त्याला त्यात एक विचित्र काच दिसली. स्फटिकाचा आकार तसाच, पण आतली रचना पार मोडलेली. ब्रिटिश म्युझियमच्या मॅस्केलिनच्या नावावरून त्यानं तिला 'मॅस्केलिनाइट' म्हटलं. ही काच होते कशी? 1963 मध्ये प्रयोगशाळेत फेल्डस्पार खनिजाला स्फोटाचा धक्का दिला, तेव्हा तशीच काच तयार झाली. म्हणजे या दगडाला कधीतरी जबरदस्त तडाखा बसला होता.

तोवर फ्रान्सचा शासिन्यी (1815) आणि इजिप्तचा नाखला (1911) हे त्याचे भाऊबंद मानले जाऊ लागले होते. गंमत वयाची. बाकीचे अशनी साडेचार अब्ज वर्षांचे, आणि हे त्यांच्यापुढे पोरं! नाखला साधारण 1.3 अब्ज, शेरघाटी त्याहून लहान. लघुग्रह छोटे, ते कधीच गार झालेले. मग इतक्या उशिरा लाव्हा आला कुठून? ज्वालामुखी टिकून राहतील एवढा मोठा ग्रह हवा.

उत्तर मिळालं अंटार्क्टिकात सापडलेल्या त्याच जातीच्या एका दगडातून. त्याच्या काचेत वायूचे बुडबुडे अडकले होते. 1983 मध्ये नासाच्या बोगार्ड आणि जॉन्सन यांनी ते मोजले. 1976 मध्ये व्हायकिंग यानांनी मंगळाची हवा मोजली होती, तिच्याशी हे वायू जुळले. म्हणजे मंगळावर काहीतरी आदळलं, त्या धक्क्यानं हे दगड उडाले आणि फिरत फिरत पृथ्वीवर आले. शेरघाटीच्या दगडाचा पत्ता 118 वर्षांनी लागला, तोही कुणीतरी तो जपून ठेवला होता म्हणून.

मला इथेच लिलावाची भीती वाटते. न्यूयॉर्कचा तो दगड निनावी ग्राहकानं घेतला. नायजर सरकारनं तो देशाबाहेर गेला कसा याची चौकशी सुरू केली. उद्या नवं यंत्र आलं, तर संशोधकानं दार कुणाचं ठोठवायचं? शेरघाटीचा मोठा भाग अजून कोलकात्यात आहे.

आणि हो, आपल्याकडेही एक आहे. 1843 मध्ये खानदेशात मानेगावला पडलेला डायोजेनाइट. हाही दुर्मिळ अकॉन्ड्राइट, आणि या गटाचं घर बहुधा वेस्टा हा लघुग्रह. मानेगावचा आज हिशेबात आहे तो सगळा मिळून पन्नासेक ग्रॅम.