'अनिश्चितता' : एका शब्दाची वाटचाल

साहित्याच्या अभ्यासकाने तेलकंपन्यांचा इतिहास कशासाठी वाचावा, असे आमचे विद्यार्थी विचारतात. आमचे उत्तर 'अनिश्चितता' या शब्दात आहे. विज्ञानात तो प्रामाणिकपणाचा द्योतक; क्योटो कराराच्या (१९९७) सुमारास मात्र तो ढाल बनला. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटमध्ये जमलेल्या एका गटाचा मसुदा १९९८ साली बाहेर फुटला. हवामानशास्त्रातील अनिश्चितता सामान्य नागरिकाला 'उमगली' की विजय आपला, असा त्याचा आशय. एक्झॉनच्या स्वतःच्या शास्त्रज्ञाने १९७७ मध्येच व्यवस्थापनाला तापमानवाढीची कल्पना दिली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या क्रियापदातील क्रौर्य जाणवते.

बीपीची वाट वेगळी होती. मे १९९७ मध्ये स्टॅनफर्ड येथे जॉन ब्राउन यांनी धोका दखलपात्र मानला. २००० साली कंपनीच्या आद्याक्षरांना 'पेट्रोलियमच्या पलीकडे' असा नवा अर्थ मिळाला. (तो श्लेष तेव्हा आम्हांलाही आवडला होता, हे कबूल केलेले बरे.) २०३०पर्यंत तेल-वायूचे उत्पादन ४० टक्क्यांनी घटवण्याचा संकल्प तिने २०२० मध्ये सोडला, २०२३ मध्ये तो आकडा २५वर आला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ते उद्दिष्टच गुंडाळण्यात आले.